पुणे-नागपूर: विमान पाऊण तासात का पोहोचत नाही?

‘पुणे-नागपूर सहाशे किलोमीटर, विमानाचा वेग आठशे. मग तिकिटावर सव्वा-दीड तास कसा?’ हिशेब गणिताच्या तासाला बरोबर ठरेल, विमानाला मात्र तो लागू पडत नाही.

आधी अंतराचे पाहू. पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ हे अंतर सरळ रेषेत साधारण 605 किलोमीटर भरते. रस्त्याने सात-सव्वासातशे, तर दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालणारी रेल्वे पावणेनऊशेच्या पुढे जाते. मैलांत आणखी एक घोळ होतो. वैमानिकांचा मैल सागरी, म्हणजे 1.852 किलोमीटरचा. त्या मापाने हे अंतर सुमारे 326 मैल. ते साधे मैल समजून किलोमीटर काढले की ऐंशी किलोमीटर गायब!

आता वेग. ताशी आठशे हा जेटचा वेग खरा, पण वर पोहोचल्यानंतरचा. दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. तीस-पस्तीस हजार फूट चढेपर्यंत दोनशेच्या आसपास किलोमीटर मागे पडलेले असतात आणि उतरण्याची सुरुवातही नागपूर जवळपास तेवढेच दूर असताना होते. पूर्ण वेगात उडायला उरतो जेमतेम तिसरा हिस्सा. चहाचा कप हातात येतो न येतो तोच पट्टे बांधायची सूचना होते ती यामुळेच. तीनशे किलोमीटरच्या मार्गावर ताशी पाचशेने उडणारे पंख्याचे एटीआर विमान जेटच्या फारसे मागे राहत नाही, तेही यामुळेच.

शिवाय वाट सरळ नसते. पुण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. उड्डाण वाऱ्याच्या समोर करायचे, त्यामुळे पश्चिमेचा वारा असला की नागपूरचे विमान आधी उलट्या दिशेला उडते आणि मग वळते. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानांना तिथल्या कामकाजाशी जुळवून घ्यावे लागते.

तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ, हा सर्वांत पक्का गैरसमज. तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. हवेत जातो साधारण तासभर. कंपन्या वेळापत्रकात थोडी मिनिटे राखूनही ठेवतात. मला त्यात लबाडी दिसत नाही. पण उशिरा सुटलेले विमान वेळेवर टेकले की आपण वैमानिकाचे कौतुक करतो, ते बरेचदा या राखीव मिनिटांचे असते.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पुण्याकडे परतताना वेळ कमी लागतो, असेही ऐकू येते. ते चूक आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि तिच्यातले विमानही. फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात, तेव्हा नागपूरला जाणे लवकर होते आणि परतणे रेंगाळते. इतक्या छोट्या अंतरात हा फरक काही मिनिटांचाच.

तेव्हा नागपूरच्या बैठकीची वेळ ठरवताना तिकिटावरच्या दीड तासावर विसंबू नका. सामान देण्याचे काउंटर सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. घरापासून बैठकीच्या दारापर्यंत चार-पाच तास धरा.