दुकानातला हात, विद्यापीठातली नजर

फोटोग्राफी हा आमच्या बाजारपेठांतला ओळखीचा धंदा आहे. लग्नाचे, पासपोर्टचे, मालाच्या कॅटलॉगचे फोटो काढून अनेक घरांची रोजी चालत आली. मोबाइलमध्ये कॅमेरा आला आणि या रोजीला मोठा फटका बसला. अशा काळात घरातला मुलगा किंवा मुलगी विद्यापीठात जाऊन फोटोग्राफी कला म्हणून शिकायचे म्हणते, तेव्हा आम्ही व्यापारी लोक एकच विचारतो : स्टुडिओत सहा महिन्यांत हाताला येणाऱ्या कामासाठी चार-पाच वर्षे कशाला? सवाल रास्त आहे. त्याचे चांगले उत्तर जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहराच्या सरकारी कला अकादमीत सापडते.

१९७६ साली या अकादमीत बर्न्ड बेखर फोटोग्राफीचे प्राध्यापक झाले. १९९६ पर्यंत ते त्या जागेवर होते. नेमणूक एकट्या त्यांची होती, पण शिकवण्यात पत्नी हिला यांचाही वाटा होता. बर्न्ड हे खाणी आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या मुलखातले. तरुणपणी ते या कारखान्यांची चित्रे काढत. पण चित्र पुरे होण्याआधीच इमारती पाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी कॅमेरा हाती घेतला. हिला यांनी पॉट्सडॅमच्या एका स्टुडिओत रीतसर उमेदवारी केली होती. १९५९ पासून दोघांनी मिळून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या आणि खाणींचे मनोरे टिपले. रीत ठरलेली : आभाळ ढगाळ, सावली नाही, चौकटीत माणूस नाही आणि वस्तू अगदी समोर. मग एकाच जातीच्या वस्तूंचे फोटो ओळीने शेजारी-शेजारी लावायचे.

कापडाच्या व्यापाऱ्याला ही रीत सांगून समजावावी लागत नाही. एकटे ठाण पाहिले तर ते चांगलेच दिसते. एकाच जातीची दहा ठाणी शेजारी उलगडली की वीण, पोत आणि रंग यांतला फरक आपोआप दिसतो. बेखर दांपत्याने हीच पारख कॅमेऱ्याने केली. १९९० साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा सन्मान मिळाला, आणि तोही शिल्पकलेसाठी!

आता शिकवण्याची पद्धत पाहा. तिथे प्रवेश मिळतो तो स्वतःच्या कामाचा संच दाखवून. पुढे विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या वर्गात काही वर्षे राहतो. आपल्या उस्ताद-शागिर्दाच्या नात्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे. अशा वर्गात विद्यार्थी आपले काम भिंतीवर लावतो आणि सवाल सुरू होतात. हाच विषय का? कॅमेरा इतक्याच अंतरावर का? हा फोटो मोठा आणि तो लहान का? ज्याला जवाब देता येत नाही, त्याला पुन्हा कामाला लागावे लागते.

बेखर यांच्या शागिर्दांची कामे एकमेकांसारखी नाहीत. टोमास श्ट्रुट हे चित्रकलेच्या वर्गातून आले. टोमास रुफ यांनी मित्रांचे साधे पासपोर्टसारखे चेहरे टिपून ते माणसाहून उंच आकारात छापले. कांडिडा हेफर यांनी आधी कोलोनच्या स्टुडिओत उमेदवारी केली होती. १९७० च्या दशकात त्यांनी जर्मनीत रोजीसाठी आलेल्या तुर्की लोकांची दुकाने आणि घरे टिपली. आंद्रेआस गुर्स्की तर जाहिरातीच्या फोटोंचा स्टुडिओ चालवणाऱ्या बापाचा मुलगा. घरचा हुनर असूनही तो शिकायला गेला. त्याचा १९९९ चा 'ऱ्हाइन २' हा दहा फुटांहून रुंद फोटो २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरला गेला. फोटोला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वांत मोठी किंमत होती.

व्यापाऱ्याने या किमतीमागचे गणितही समजून घ्यावे. त्या फोटोच्या प्रती फक्त सहा. कलेच्या बाजारात फोटोच्या प्रतींची संख्या आधीच ठरवतात आणि ती पाळतात. पाळली नाही तर पत जाते. मात्र असे भाव हजारांत एखाद्याला मिळतात. पदवी हातात आली म्हणजे गिऱ्हाईक दारात आले, असे कोणी समजू नये.

तरीही आमच्या मते मुलांना अडवू नये. हिला, हेफर आणि गुर्स्की या तिघांच्या हातात आधी स्टुडिओचा हुनर होता. नजर पुढे तयार झाली. म्हणून मुलाला आधी प्रकाश, छपाई आणि गिऱ्हाईक सांभाळणे शिकू द्यावे, म्हणजे पोटापाण्याचा आधार राहील. मग कॉलेज निवडताना तिथे कॅमेरे किती महाग आहेत हे विचारू नये. एकाच विषयावर वर्षभर काम करून घेतात का, आणि विद्यार्थ्याच्या कामावर उघड चर्चा होते का, हे विचारावे.

विषय शोधायला मुलांना लांब जावे लागणार नाही. भिवंडी-मालेगावात जुन्या यंत्रमागांच्या जागी नवे माग येत आहेत. जुना माग भंगारात गेला की त्याचा आवाज आणि त्यावर वाकलेला कारागीर दोन्ही नजरेआड होतात. ताणा कुठे तुटतो हे ज्या मुलाला बापाच्या कारखान्यात कळले आहे, तो कॅमेरा कुठे ठेवायचा हे बाहेरच्या माणसाहून लवकर ओळखेल. त्याच्या हातात कॅमेरा येईपर्यंत माग शिल्लक राहतील की नाही, एवढाच प्रश्न आहे.