हिरव्या भुकटीचे सोबती

ॲनिलीनचे आम्लातले द्रावण बर्फात ठेवायचे आणि त्यात अमोनियम परसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे. बराच वेळ काही घडत नाही. मग द्रावण निळसर होते, भराभर गडद होते आणि शेवटी तळाशी गर्द हिरवी भुकटी बसते. हेच पॉलिॲनिलीन, वीज वाहून नेणारे बहुवारिक.

पदार्थ जुनाच आहे. लंडनच्या हेन्री लेथबी यांनी 1862 मध्येच ॲनिलीनच्या द्रावणातून वीज सोडून असा निळा-हिरवा थर मिळवला होता. पुढे त्याच कुळातल्या काळ्या रंगाने सुती कापड रंगू लागले. पॉलिॲनिलीनच्या वाहकतेकडे खरे लक्ष गेले ते शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी 1977 मध्ये पॉलिॲसिटिलीन वाहक करून दाखवल्यावर. त्या तिघांना 2000 चे नोबेल मिळाले. पण पॉलिॲसिटिलीन हवेत टिकेना. पॉलिॲनिलीन स्वस्त आणि चिवट निघाले.

आम्लाचे प्रोटॉन साखळीवर असतील तर ते हिरवे आणि वाहक. अमोनियाने प्रोटॉन ओढून घेतले की निळे आणि जवळजवळ विद्युतरोधक. अमोनियाचा माग काढायला याहून सोयीचे काय हवे? पण वायू हटल्यावर ते सावकाश पूर्वपदावर येते, आणि हवेतल्या दमटपणानेही त्याचा रोध बदलतो. उलट टिन ऑक्साइडचे वायुसंवेदक दणकट, पण साधारण 200 ते 400 अंशांपर्यंत तापवावे लागतात. म्हणजे विजेचा खर्च आलाच.

मग बहुवारिक आणि धातूचे ऑक्साइड या दोघांची सोयरीक. टिटॅनियम ऑक्साइडचे काही दहा नॅनोमीटरचे कण त्याच चंचुपात्रात आधी ढवळून घेतात. बहुवारिक त्यांच्याभोवतीच वाढते. पॉलिॲनिलीनमध्ये धन वाहक, ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन. दोघे भिडतात तिथे वाहकांचा तुटवडा असलेला पातळ पट्टा तयार होतो. वायू येताच हा पट्टा रुंदावतो किंवा आकसतो आणि रोध ठळकपणे बदलतो, तोही खोलीच्या तापमानाला. मात्र कणांच्या गुठळ्या झाल्या, तर सगळा डाव फसतो.

ऑक्साइड वाढवत नेले की वाहकता बहुधा घटते. नुसत्या पॉलिॲनिलीनची तरी कुठे मोठी आहे? 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच संस्थांतल्या 59 नमुन्यांच्या पाहणीत ती सरासरी 4.4 सीमेन्स प्रति सेंटिमीटर भरली. तांब्याची तिच्या लाखपटीहून अधिक. पण संवेदकाला वाहकतेचा विक्रम नको, बदल हवा. मिश्रणाची किंमत वाहकतेवरून ठरवणारे इथेच चुकतात.

सोलापूर आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांतही अशा मिश्रणांच्या पातळ थरांवर पुष्कळ काम झाले आहे. माझी तक्रार एकूण या क्षेत्राविषयीच आहे: कोरड्या हवेतली संवेदनशीलता ठळक छापली जाते आणि काही महिन्यांनंतरचे वर्तन एका ओळीत उरकले जाते. असा निबंध हाती आला, तर आधी आर्द्रतेचा आलेख शोधा. तो नसेल, तर कोकणातल्या जुलैत हा संवेदक टिकेल यावर विश्वास ठेवू नका.