भिंतीतली पोया माशी वाचवा



सोलापुरात शुक्रवार पेठेत कामानिमित्त गेलो असता एका जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंतीतून बाहेर आलेली डिंकाची बारीक नळी आम्हांस दिसली. तोंडाशी काळ्या, चिलटाएवढ्या माश्यांची ये-जा चालू होती. घरमालक म्हणाले, "पंखाच्या मुंग्या आहेत, औषध मारायचंय." त्या मुंग्या नव्हेत. ती आपली देशी मधमाशी पोया. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस.

हिची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. नांगी निकामी, म्हणून डंख नाही. फार डिवचले तर केसांत शिरून चावते एवढेच. झाडांचा चीक आणि मेण एकत्र करून ही गाडग्यांसारखे इवलेसे पेले बनवते आणि त्यांत आंबटगोड मध साठवते. मध थोडाच, त्यासाठी घर फोडू नये.

सभासद विचारतील, "उसाला हिचा काय उपयोग?" उसाला नाही. ऊस आपण टिपरीने लावतो. पण बांधावरचा शेवगा, बोर, सूर्यफूल आणि बियाण्याचा कांदा यांना माशी लागते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापूरच्या डाळिंबातही माश्यांमुळे फळधारणा वाढते.

आता महत्त्वाचे. आग्या मोहोळाला त्रास झाला की ते उठून दुसरीकडे जाते. पोयाला ते जमत नाही. अंडी घालू लागलेल्या राणीचे पोट इतके फुगते की तिला उडताच येत नाही. भिंत पाडली, जुना लिंब तोडला, की वसाहत तिथेच संपली. आज घरोघरी जुन्या भिंती जाऊन सिमेंट येते आहे.

म्हणून पाडकामाआधी भिंत नीट पाहावी. पोया असल्यास भोवतालचे दगड हळू काढावेत. अंड्यांचा घोस राणीसकट छोट्या लाकडी पेटीत ठेवावा. फुटलेले मधाचे पेले आत ठेवू नयेत, मुंग्या लागतात. पेटीला पेन्सिलीएवढे भोक पाडून जुनी नळी तिथे चिकटवावी. अंधार पडेपर्यंत पेटी त्याच जागी राहू द्यावी, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्या परत येतात. मग ती सावलीत हलवावी.

पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. अगदीच नड असेल तर दिवस मावळल्यावर करावी.

कुणाकडे अशी नळी दिसल्यास चिटबॉयजवळ निरोप द्यावा. पाडकामाआधी कळवले तर आम्ही स्वतः येऊ.

— ऊस विकास अधिकारी