जुनी दुनळी जपायची, नवी करायची नाही!

परवा मित्राकडे त्याच्या पणजोबांची दुनळी बघितली. बर्मिंगहॅमची, बाहेर घोडे असलेली. "पॉलिश करून चकाचक करून घेऊ का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नको!

अशा बंदुकीचं मोल तिच्या जुनेपणात असतं. लोखंडावर वर्षानुवर्षं चढलेली तपकिरी झाक एकदा घासून काढली की गेली.

हाताला लागणारा लाल गंज मात्र काढायलाच हवा. हलकं तेल लावून रात्रभर ठेवायचं, मग सगळ्यात बारीक स्टील वुलने हळुवार पुसायचं. खालचा घट्ट तपकिरी थर दिसला की थांबायचं.

दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. त्याला सँडपेपर लावू नका. पकडीवरची बारीक चौकटींची नक्षी पुसली जाते आणि लाकूड लोखंडापेक्षा खाली बसतं. मळ काढून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसली तर त्या दमास्कस: लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेल्या. त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. जाणकाराने तपासल्याशिवाय आजची काडतुसं त्यांत घालूच नका.

आणि सगळ्यात आधी: नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघा, परवाना चालू ठेवा, दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.

तुमच्या घरी आहे अशी दुनळी? काही शंका असल्यास बिनधास्त विचारा.