सोंगाड्या सवाल टाकतो तेव्हा

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते. घोड्या-गाढवांचा बाजार लागतो, तमाशाच्या कनाती उभ्या राहतात, जिल्हा परिषद लावणी महोत्सव घेते. गर्दी लावणीला जाते. मी जातो बतावणीसाठी.

तमाशात गण-गवळण आटोपली की वगाच्या आधी सरदार आणि सोंगाड्या यांची जी जुंपते ती बतावणी. हिची संहिता नसते. चांगला सोंगाड्या दुपारीच टपरीवर चहा पीत माल गोळा करतो: सरपंच कोण, विजेची डीपी कधीपासून जळालीय, सोयाबीनला भाव काय. अशाच एका रात्री सोंगाड्यानं पुढं बसलेल्या म्हाताऱ्याला हटकलं, “मामा, सोयाबीन घातलं का? काय हाती आलं?” म्हातारा उठून उभाच राहिला. आडत, हमाली, तोलाई, दुकानदाराची उधारी असा सगळा हिशेब त्यानं भर कनातीत मांडला. प्रत्येक आकड्याला ढोलकीची थाप. मागून कुणी ओरडलं, “आमचं तर काट्यातच मारलं!” मग नाचणारीनं एक गिरकी घेऊन उरलेले पैसे पदरात झेलल्याचा अभिनय केला आणि पदर झटकून दाखवला. रिकामा! हशा उसळला, पण त्यात हसू कमीच होतं.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं (१९३१–२००९) प्रेक्षकाला उठवून नाटकात घेण्याचं शास्त्र रचलं. ‘शोषितांची रंगभूमी’ म्हणून ते जगभर गेलं. रिओत नगरसेवक झाल्यावर त्यानं लोकांच्या नाटकांतून कायद्यांचे मसुदे घडवले. मोठा माणूस. पण आमच्या म्हाताऱ्याला उठवायला फक्त एक सवाल लागला.

या सवालाला राजकीय धार दिली ती जलशांनी. सत्यशोधक जलशानं तमाशाचा साचा तसाच ठेवला, मात्र गणातला गणपती गणांचा, म्हणजे लोकांचा, नायक झाला. आंबेडकरी जलशानं तर गणाऐवजी भीमवंदनाच आणली. भीमराव कर्डकांच्या जलशात नाचणारी बाई नसे. गडी स्त्रीपार्ट करत आणि पाणवठ्यावरचा, वेठीचा आपलाच अनुभव वगात घालत. हीच धार पुढे नेणारं अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक १९४४चं. त्यावर स्वतंत्र लेख हवा.

मराठवाड्यात हा धागा भीमगीतांच्या गायन पार्ट्यांनी धरून ठेवला. १९७८मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्यावरून, म्हणजे नामांतरावरून, उसळलेल्या दंगलीत नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षं आंबेडकर जयंतीच्या मंडपांत गाण्यांतून जागी राहिली. तिथंही श्रोता गप्प नसतो: फर्माईश करतो, बक्षिसाची नोट देतो, एखादं नाव राहिलं तर गायकाला थांबवून सांगतो. नांदेडच्या दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ ही दलित चळवळीतल्या वादाची दिवाणखान्यातली बैठक. नाटक पक्कं आहे, पण मला ते कनातीत पाहायला आवडलं असतं.

याउलट सरकारी योजनांची पथनाट्यं बघा. घोषणा द्या, टाळ्या घ्या, जीप पुढच्या गावाला. सवाल नाहीच, मग जवाब कुठला?

एक विनंती. अनेक गावांत जुन्या जलसाकारांच्या, शाहिरांच्या हस्तलिखित वह्या पेटीत पडून आहेत आणि रद्दीत जातायत. तुमच्या घरी एखादी असेल तर झेरॉक्स काढा आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नेऊन द्या. मूळ वही मात्र घरीच ठेवा.