पेटी कुणाशी बोलते?

सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञानावर बोलायला गेलो होतो. प्रार्थना संपली आणि सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पेटीला संवादिनी का म्हणतात? ती कुणाशी बोलते?" प्रश्न इतका चांगला होता की घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले.

'पेटी' शब्द सरळ आहे. संस्कृत 'पेटिका', वाद्य दिसते तसे त्याचे नाव. 'हार्मोनियम' हे नाव पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४०च्या सुमारास आपल्या वाद्याला दिले. मुळातला ग्रीक शब्द 'हार्मोनिया', म्हणजे सांधा. होमरच्या 'ओडिसी'त तो तराफ्याच्या फळ्या जोडताना येतो. सुतारांचा शब्द गवयांकडे गेला!

'संवादिनी' मात्र आपल्या 'संवादी'वरून. भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचे अंतर, ते एकमेकांचे संवादी. जसे सा-म, सा-प. म्हणजे संवाद आहे तो स्वरांचा आपसातला.

पण पेटीत तो खरोखर होतो का? सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा. शुद्ध पंचम त्याच्या दीडपट, ३६०. पेटीचे सप्तक सहसा १२ समान भागांत लावलेले असते. त्यात पंचम येतो ३५९.६. फरक नगण्य. गंधार मात्र हवा सव्वापट, ३००, आणि मिळतो ३०२.४.

हे वर्गात ऐकवता येते. सा आणि प एकत्र दाबून ठेवा; आवाज जवळजवळ स्थिर राहील. आता सा आणि ग दाबा. कान देऊन ऐकल्यास एक बारीक थरथर जाणवते. हे विस्पंद. सा चा पाचवा उपस्वर १२०० कंपनांचा, ग चा चौथा साधारण १२०९.५, म्हणून सेकंदाला सुमारे साडेनऊ विस्पंद. पंचमाच्या बाबतीत सेकंदाला एकही पुरा होत नाही.

पेटीवरचा जुना आक्षेप हाच, शिवाय तिच्यात मींड निघत नाही हा. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली, ती १९७१ साली सैल झाली. त्याआधीच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी २२ श्रुतींची पेटी करवून पाहिली होती. ती रुळली नाही.

कारागीर यावर साधा उपाय करतो. पितळी सुराची पाती मुळाशी किंचित खरवडली की स्वर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. असा गंधार उतरवून घेतलेली पेटी त्या एका सा ला गोड लागते. सा ची पट्टी बदलली, की तोच सूर दुसऱ्या कुणाचा तरी मध्यम किंवा पंचम होतो आणि तिथे खटकतो.