'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे!'

कस्टमर केअरची ती ट्यून तुम्हालाही पाठ झालीये ना? मागे पियानो, आणि अधूनमधून एक गोड आवाज, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' गेल्या वर्षी मी ती इतक्यांदा ऐकली की भाजी चिरतानाही तीच गुणगुणायला लागले होते.

प्रकरण फक्त 590 रुपयांचं. ऑफिसच्या फूड कोर्टात टेबल टाकून बसलेल्या एका मुलाकडून घेतलेलं 'लाइफटाइम फ्री' क्रेडिट कार्ड. तसं स्पष्ट लिहिलेलं पत्रही माझ्याकडे आहे. तरी चौथ्या वर्षी स्टेटमेंटवर वार्षिक फी 500, वर 18 टक्के जीएसटी! फोन लावला. एक दाबा, चार दाबा, कार्डाचे सोळा आकडे दाबा... आणि एवढं दाबून झाल्यावर पलीकडचा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? 'मॅम, आपका कार्ड नंबर?'

'रिव्हर्स हो जाएगा मॅम, आप पे मत कीजिए,' असं तो म्हणाला. पुढच्या स्टेटमेंटवर लेट फी, तिच्यावर जीएसटी, शिवाय व्याज. झाले 732. पुन्हा फोन, नवा माणूस, नवा तक्रार नंबर, गोष्ट पहिल्यापासून. ब्रांचमध्ये गेले तर तिथले साहेब म्हणाले, 'कार्डाचं डिपार्टमेंट वेगळं आहे मॅडम, तुम्ही कस्टमर केअरला फोन करा.' घ्या!

इथपर्यंत ही चहाच्या टपरीवर सांगायची गंमत होती. पण त्याच महिन्यात आमच्या होम लोनची फाईल दुसऱ्या एका बँकेत गेली होती. पिंपळे सौदागरचा टू बीएचके, टोकन दिलेलं, आणि मालकाला महिनाअखेर सही हवी होती. लोनवाल्या मुलीने माझा क्रेडिट रिपोर्ट उघडला आणि म्हणाली, 'ताई, इथे एका कार्डावर ओव्हरड्यू दिसतंय. हे क्लिअर करून क्लोजर लेटर आणा, मग पुढे जाऊ.' पन्नास लाखांचं घर सातशे रुपयांवर अडलं! नवरा शांतपणे म्हणाला, 'भरून टाक आणि मोकळी हो.' भरले. पण मोकळं कोण होऊ देतंय?

कार्ड बंद करायचं म्हटल्याबरोबर त्या बँकेला माझ्याबद्दल अचानक प्रेम दाटून आलं. रोज एक फोन. पाच हजार पॉइंट्स घ्या, लिमिट वाढवून घ्या, विमानतळावरचं लाउंज घ्या. 'पण मॅम, बंद का करताय?' मला वाटतं, या मुलांना कार्ड बंद करायचं बटण दिलेलंच नसतं. एका मुलीने शेवटी दबक्या आवाजात मराठीत सांगितलं, 'मॅडम, मेल करा. फोनवर आम्हाला फक्त तिकीट उघडता येतं.' त्या सगळ्या कारभारात कामाचं बोललेली ती एकटीच. तिचं भलं होवो.

मेल लिहायच्या आधी नियम शोधले, आणि चक्क हातात शस्त्र सापडलं. रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केला की कार्डावर बाकी नसेल तर बंद करायची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची. उशीर झाला तर ग्राहकाला दर दिवसाला 500 रुपये दंड द्यायचा, रविवारसुद्धा धरून. विनंती पोस्टानेच पाठवा, असा हट्टही बँकेला धरता येत नाही. हे त्या रोजच्या फोनांमध्ये मला एकानेही सांगितलं नव्हतं, कशाला सांगतील म्हणा!

मी चार ओळींचा मेल टाकला. बाकी शून्य, कार्ड बंद करा, आजची तारीख अमुक, नियम अमुक. मग लाडीगोडीचा फोन आला की एकच वाक्य, 'मेलवर उत्तर द्या.' कार्ड बंद झालं ते मुदतीनंतर एकोणिसाव्या दिवशी. लेटर मिळालं तेव्हा महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते आणि घरमालक दुसऱ्या गिऱ्हाइकाची भाषा करायला लागला होता. सही झाली, पण त्या दोन रात्री मला झोप नव्हती.

म्हणूनच पैसे सोडायचे नाहीत असं ठरवलं. 19 गुणिले 500 म्हणजे 9,500, अधिक माझे 732. बँकेचं उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आकड्यांबद्दल अवाक्षर नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. आरबीआयच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करायला ना वकील लागतो ना फी. पत्र, मेल, स्टेटमेंट सगळं जोडून एका रविवारी दुपारी तक्रार टाकली. काही आठवड्यांनी सेव्हिंग अकाउंटला 10,232 रुपये जमा. पत्र नाही, फोन नाही, पियानोही नाही!

आता ऑफिसात माझा तो चार ओळींचा मेल डेस्काडेस्कांवरून फिरतोय. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे बदलून जसाच्या तसा पाठवला. त्याचं कार्ड चौथ्या दिवशी बंद झालं, त्यामुळे दंडाचा एक रुपयाही मिळाला नाही. बिचारा अजून हळहळतोय, आणि पार्टी माझ्याकडे मागतोय.